खालच्या कोपऱ्यातलं नाव

उस्त-शोमा, ३ नोव्हेंबर

वेन्या,

तुझं चहाचं पुडकं आणि रक्तदाबाच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या घेते आहे. पण रक्तदाब ज्यामुळे चढतो, ते गोळीनं जाण्यातलं नाही. ऐक.

आपला दवाखाना बंद करताहेत. हे लोक 'बंद' म्हणत नाहीत, 'सुसूत्रीकरण' म्हणतात. शाळेचं सुसूत्रीकरण झालं तेव्हा सहा पोरं नदीपलीकडे चाळीस किलोमीटरवरच्या वसतिगृहात गेली. पोस्टाचं झालं, म्हणून हे पत्र मी फिरत्या दुकानाच्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे. लाकूड गिरणीचं झालं आणि तिच्या भिंतीवर आता बंदूकवाल्या पोराचं भरतीचं पोस्टर आहे. तायाचा नवरा आर्सेनी उन्हाळाभर त्या पोस्टरसमोर बिनकामाचा बसून होता. ऑगस्टमध्ये उठला आणि करारावर सही करून आला. आता त्या भिंतीसमोर बसायलाही कोणी उरलेलं नाही.

मी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर जी नर्स पोरगी आली होती, ती गेल्या वर्षी शहरात पळाली. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी कोणी येईना, म्हणून साहेब म्हणतात, कर्मचारी नाही तर दवाखाना कशाला? आणि दवाखाना नाही तर कर्मचारी कशाला? असं ते गोल गोल फिरतात आणि आम्ही मध्ये उभे.

आता मुद्द्याचं. ताया पोटुशी आहे. दिवस एप्रिलच्या शेवटी भरतात. शोमा नदी कधी फुटते ते तुला सांगायला नको. बर्फ सुटलं की दोन-तीन आठवडे ना गाडी, ना होडी. पहिलटकरीण आहे, कंबर अरुंद आहे, रक्त कमी आहे. एकतीस वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला काय दिसतं ते मला दिसतंय. आणि माझ्या हातात ना औषध, ना परवाना.

आम्ही वर अर्ज करणार आहोत. एकदम वर, राजधानीत. तू सरकारी कचेरीत आहेस, कसं लिहायचं ते सांग.

ग्लाशा मावशी

---

शहर, २१ नोव्हेंबर

मावशी,

पत्र मिळालं. आम्ही ठीक आहोत. छोटीला सर्दी आहे, रिम्मा तुझ्या रास्पबेरीच्या मुरंब्यावर तिला बरं करते आहे.

वरती लिहू नका, असं माझं मत. वर गेलेला कागद शेवटी खालीच येतो. त्यापेक्षा जिल्ह्याच्या साहेबांना नम्रपणे लिहा. आणि लिहायचंच ठरलं, तर 'लाज वाटत नाही का' वगैरे घालू नकोस. मी तुला ओळखतो. 'विनंती करण्यात येते' असं लिही. सैन्याचा, भरतीचा, आर्सेनीचा उल्लेख अजिबात नको. त्यावरून उगाच वेगळ्याच खात्याचे लोक येतील.

मी कचेरीत कागदपत्रं पाहतो, एवढंच. माझ्या हातात फारसं काही नाही. या गोष्टी फोनवर बोलू नकोस.

तुझा वेन्या

---

उस्त-शोमा, १५ डिसेंबर

वेन्या,

लिहिला अर्ज. पाठवलासुद्धा.

दुकानाची गाडी आली की सगळं गाव पावासाठी रांगेत असतं, तेव्हा तिथेच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या घेतल्या. एक्केचाळीस. शाई गोठत होती, पेन तोंडात धरून ऊब द्यावी लागत होती. मायना काय लिहायचा यावर तासभर भांडण. म्हातारा प्रोखोर अडून बसला, "आपले वडील, आपले रक्षक असं लिहा! तो बिचारा वर बसलाय, त्याला कोणी काही सांगतच नाही. हे खालचे चोर आहेत."

मी म्हटलं, "प्रोखोर, पंचवीस वर्षं त्याला कोणी काही सांगितलं नाही? मग तो बहिरा आहे की आपण मूर्ख?"

गाडीवाला काच वर करून आत बसला. तायानंच मग विषय बदलला. म्हणाली, "मावशी, माझ्या बाळाचीही सही घ्या, बेचाळीस होतील." हसले सगळे. तिला हसवायचं बरोबर कळतं.

तू सांगितलंस तसं 'विनंती करण्यात येते' लिहिलं. तीन मागण्या: दवाखाना बंद करू नका, नर्सबाई द्या, आणि नदी फुटण्याच्या आठवड्यांसाठी एक डॉक्टर किंवा हेलिकॉप्टरची सोय लेखी करा. प्रोखोरला मी वेड्यात काढलं खरं, पण सही करताना मलाही वाटलं, वेन्या, की कोणीतरी वाचेल.

काल उत्तर आलं. 'आपला अर्ज योग्य कार्यवाहीसाठी प्रांताकडे वर्ग केला आहे.' प्रांत म्हणजे तुझंच शहर. बघ जरा कोणाच्या टेबलावर पडलाय. त्या माणसाला सांग, माझ्या मावशीचा आहे म्हणून.

ग्लाशा मावशी

---

शहर, १० जानेवारी

मावशी,

नववर्ष आनंदाचं जावो. मोजे पोचले. छोटी ते घालूनच झोपते.

चौकशी केली. तुमच्याकडे समिती येणार आहे, जानेवारीच्या शेवटी. जिल्ह्याचे दोघे आणि इथून एक बाई. ही चांगली गोष्ट आहे. बहुतेक अर्जांवर कोणी येतही नाही. कृपा करून आरडाओरडा करू नका. माणसासारखं स्वागत करा, नीट बोला. चिडलेल्या गावाची फाइल ते सगळ्यात खाली सारतात, हे मी पाहिलंय.

कोणाच्या टेबलावर आहे ते कळलं नाही.

वेन्या

---

उस्त-शोमा, २ फेब्रुवारी

वेन्या, सोन्या,

आले होते! आणि काय सांगू, देव पावला असं वाटतंय.

तीन दिवस गाव राबलं. दवाखाना सव्वा वर्ष थंड, भिंतींवर बुरशी, खाटेवर उंदरांनी केलेली घाण. आता पाहुण्यांना असं दाखवायचं? बायकांनी बुरशी खरवडून चुना मारला. माझ्या घरचे पडदे लावले. तायानं स्वतःची पांढरी चादर आणून खाटेवर घातली. प्रोखोरनं स्वतःच्या हिवाळ्याच्या लाकडांतून दोन ढकलगाड्या लाकूड आणलं आणि पहाटेपासून शेगडी अशी पेटवली की काचांवरचं बर्फ वितळून पाणी गळायला लागलं. पाइक मासा आत भरून चार मोठे पाव भाजले, मशरूमचं लोणचं काढलं. मी माझा जुना पांढरा कोट इस्त्री करून घातला. म्हटलं, त्यांना कळू दे की इथे माणसं राहतात, जनावरं नव्हे.

शहरातली बाई आत आली आणि म्हणाली, "अगबाई, किती उबदार!" कोट काढून बसली. जिल्ह्याच्या दोघांनी दोन अख्खे पाव संपवले. त्यातला एक जाडा सगळ्याचे फोटो काढत होता. मला म्हणाला, "आजी, त्या आजोबांचा रक्तदाब बघताय असं उभ्या राहा." मी राहिले. प्रोखोरनं बाही वर केली. मशीन बिघडलेलं आहे हे मी सांगणार होते, पण तो म्हणाला, "हसा." हसलो आम्ही.

मी तीनही मागण्या पुन्हा तोंडी सांगितल्या. बाई मान डोलवत होती. जाताना म्हणाली, "सगळं छान आहे तुमच्याकडे." हातात राहिलेला एक पाव बांधून दिला.

मला वाटतं या वेळी काम होईल. तुझे आभार. तू सांगितलंस म्हणून मी तोंड आवरलं.

ग्लाशा मावशी

---

शहर, १३ फेब्रुवारी

मावशी,

तू पांढरा कोट का घातलास?

तायाला एप्रिलमध्ये इकडे पाठव. आमच्याकडे राहील. रिम्माशी बोललोय, आतली खोली रिकामी करतो. पंधरा तारखेला मी गाडी पाठवतो, नदीवरच्या बर्फावरून चालत पलीकडे आली की झालं. समितीवर विसंबू नकोस. आत्ता जास्त लिहीत नाही.

वेन्या

---

उस्त-शोमा, ६ मार्च

वेन्यामिन,

उत्तर आलं. तुला ते पाठ असेल, तरी लिहून काढते.

"आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सक्षम समितीने प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता सदर दवाखाना उबदार, स्वच्छ व कार्यरत असल्याचे, तसेच तेथे वैद्यकीय कर्मचारी उपलब्ध असल्याचे निदर्शनास आले. छायाचित्रे फाइलला जोडली आहेत. सबब अर्जातील तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. आपल्या जागरूक नागरी भूमिकेबद्दल आभार."

खाली साहेबाची ऐटदार सही. आणि कागदाच्या अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, मजकूर कोणी तयार केला त्याचं नाव आणि फोन. मी चष्म्यावर भिंग धरून वाचलं. वे. कुलेमिन. मग फोन नंबर वाचला. तुझ्या कचेरीचा. जो मी माझ्या शेगडीशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय.

तीनदा वाचलं. मग कागद खाली ठेवून भांडी घासली, कारण हात कशाला तरी लावायला हवे होते.

वैद्यकीय कर्मचारी! म्हणजे मी. सदुसष्ट वर्षांची, परवाना नसलेली, इस्त्री केलेल्या कोटातली मी. आणि उबदार! ती ऊब प्रोखोरच्या लाकडाची होती. तो फेब्रुवारीभर अंगावर दोन कोट घालून घरात बसला होता. आम्ही पाहुणचार केला आणि तुम्ही त्याचा पुरावा केलात. पोटभर खाऊन, तोंड पुसून, आमच्याच पडद्यांचे फोटो काढून आमच्याच तोंडावर मारलेत.

आणि तू. तुला जागा माहीत नव्हती का? कागदांत आलेलं एखादं नाव होतं का ते? त्या खोलीत तू जन्मलास. नदी फुटली होती, तुझी आई त्याच खाटेवर सोळा तास ओरडत होती. तुझी नाळ मी कापली. तुझी आई गेल्यावर नवव्या वर्षापासून तुला मी वाढवलं. आणि तू त्या खोलीबद्दल लिहितोस, तथ्य आढळून आले नाही.

मी विचारलं होतं कोणाच्या टेबलावर आहे. तू लिहिलंस, कळलं नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली आहे. त्याच हातानं तू रक्तदाबाच्या गोळ्या पाठवतोस. पुढच्या पाठवू नकोस.

ताया येईल तुझ्याकडे. तिचा जीव माझ्या रागापेक्षा मोठा आहे. गाडी पाठव.

ग्लाफिरा येगोरोव्हना

---

शहर, १६ मार्च

मावशी,

हो. मीच.

दिवसाला चौदा अर्ज येतात. फुटलेल्या पाइपलाइनी, सैन्यातून बेपत्ता पोरं, चार वर्षं न उघडलेला पूल, विझलेले बॉयलर. चौदांची उत्तरं संध्याकाळच्या आत. साचे तयार असतात, गावाचं नाव बदलायचं. सही साहेबांची. माझं नाव कोपऱ्यात एवढ्यासाठी, की उद्या चूक निघाली तर कोणाचं मुंडकं उडवायचं ते कळावं. मी नाही लिहिलं तर शेजारच्या टेबलावरचा लिहील, आणि तो तुमच्याकडे समितीही पाठवणार नाही. ती मी पाठवली. साहेबांच्या पाया पडून पाठवली! मला वाटलं, ते येतील, बुरशी बघतील, उंदीर बघतील, आणि मला खरं लिहिता येईल.

आणि तुम्ही काय केलंत? चुना! पडदे! माशाचे पाव! माझ्यासमोर फोटो आले, बत्तीस. एकातही बुरशी नाही. एकातही थंडी नाही. तू कोट घालून हसते आहेस. यावर मी काय लिहायचं होतं, सांग? चिडू नका म्हटलं होतं मी, सोंग करा नव्हतं म्हटलं. पण चूक माझीच, कारण मला माहीत होतं. पाहुण्याला उघडी भिंत दाखवायची नाही, हे मला तूच शिकवलंस. घरात बटाटे संपले असताना तू शिक्षिकेला वाफाळता चहा आणि साखरेचा शेवटचा खडा दिला होतास. आपण सगळे असेच. वरचा आला की खालचा सजवतो, त्याच्या वरचा आला की तो सजवतो, आणि शेवटी वर जे पोचतं ते सगळं चुना मारलेलं.

अजून एक, जे मी कधी लिहिलं नाही. माझ्या खात्यातल्या पुरुषांना सैन्यात बोलवत नाहीत. नोकरी आहे तोवर माझं नाव यादीबाहेर आहे. छोटी चार वर्षांची आहे. एवढंच.

तुला हे भ्याडपणाचं वाटेल. आहेच.

गाडी पंधरा एप्रिलला सकाळी दहाला पलीकडच्या काठावर उभी असेल.

वेन्या

---

उस्त-शोमा, ६ मे

वेन्यामिन,

होड्या काल सुरू झाल्या, म्हणून आज लिहिते.

पंधराला ताया आली नाही हे तुला गाडीवाल्यानं सांगितलं असेल. आर्सेनीचा निरोप आला होता, सतराला सुट्टीवर येतो. ती म्हणाली, "मावशी, आठ महिन्यांनी येतोय, दार कुलूपबंद बघू दे त्याला? दोन दिवसांनी दोघं मिळून जाऊ." मी तिला ओढून न्यायला हवं होतं. नाही नेलं. ती माझी चूक आहे, ती मी कोणावर ढकलत नाही. सतराला आर्सेनी आला नाही. सुट्टी रद्द. अठराला शोमा फुटली, नेहमीपेक्षा दहा दिवस आधी.

बावीसला सकाळी सातला कळा सुरू झाल्या. दवाखान्याला एक एप्रिलपासून कुलूप आणि लाखेचा शिक्का होता, कारण तुझ्या उत्तरानंतर बंद करण्याचा हुकूमही आलाच. प्रोखोरनं कुऱ्हाडीनं कुलूप तोडलं. आत औषधाची कपाटं रिकामी, शेगडीची नळी काढून नेलेली. तिला माझ्या घरी परत आणलं.

फोन दफनभूमीच्या टेकडीवरच लागतो. मी स्वतः चढले. हेलिकॉप्टरवाल्या ड्यूटीच्या माणसाला सगळं सांगितलं: पहिलटकरीण, मूल आडवं, रक्त जातंय, नदी फुटलेली. तो संगणकात बघून म्हणाला, "तुमच्या गावात कार्यरत दवाखाना आहे. वैद्यकीय कर्मचारी उपलब्ध आहे. मार्चचा कागद आहे इथे. हेलिकॉप्टर देण्याचं कारण बसत नाही."

मी ओरडले, "अरे, ती कर्मचारी मीच! माझ्याकडे कापसाचा बोळासुद्धा नाही!"

तो म्हणाला, "आजी, माझ्यावर कशाला ओरडता? मी कागदाप्रमाणे बोलतोय."

तीनदा चढले ती टेकडी. तिसऱ्यांदा त्यानं उचललाच नाही.

मूल मी फिरवलं. कसं, ते मला विचारू नकोस. दुपारी दोनला मुलगी झाली. रडली, रंग चांगला. तायानं तिला पाहिलं. म्हणाली, "नाक बापाचं आहे, बिचारी." मग रक्त थांबेना. एक सुई पुरली असती, वेन्या. साधी, स्वस्तातली सुई, जी माझ्या कपाटात एकतीस वर्षं असायची. पावणेचारला ताया गेली. मी तिच्या पोटावर दोन्ही मुठी दाबून बसले होते, बायकांनी माझे हात सोडवले.

मुलगी माझ्याकडे आहे. शेळीच्या दुधावर आहे. जन्माचा दाखला मागायला ग्रामप्रमुखाला टेकडीवरून जिल्ह्याला फोन करायला लावला, तर म्हणाले, दवाखान्याचा शिक्का हवा. दवाखाना तर बंद झालाय म्हटलं. म्हणाले, मग दाखला कसा देणार? हेलिकॉप्टर मागितलं तेव्हा दवाखाना चालू होता, दाखला मागितला तेव्हा बंद आहे. तायाच्या मृत्यूची नोंद मात्र फोनवरच दोन दिवसांत केली.

आम्ही पुन्हा अर्ज केलाय. चाळीस सह्या आहेत. बघ, तुझ्याच टेबलावर येईल.

ग्लाफिरा

---

शहर, २७ मे

मावशी,

आला. काल, बाराव्या नंबरवर. सोबत साचाही होता. 'घटनेबद्दल खेद आहे, तथापि'पासून सुरू होणारा.

तू लिहिलं होतंस, चाळीस सह्या आहेत. मी मोजल्या नाहीत. पहिल्या अर्जात तायाची सही तुझ्या खाली होती, तिथे आता प्रोखोरची आहे.

मी साचा वापरला नाही. लिहिलं: "अर्जातील प्रत्येक शब्द खरा आहे. दवाखाना सव्वा वर्ष बंद होता. समितीला दाखवलेली ऊब गावकऱ्यांच्या लाकडाची होती. मार्चचे उत्तर खोटे होते, ते मी लिहिले. त्या उत्तरामुळे हेलिकॉप्टर नाकारले गेले." साहेबांना सही मागितली. त्यांनी वाचलं, दार लावलं आणि हळूच म्हणाले, "कुलेमिन, तू थकलायस. घरी जा." मी सहीशिवायच त्याच्या पाच प्रती टपालात टाकल्या. एक राजधानीला, एक सरकारी वकिलाला, एक तुला. या वेळी माझं नाव कोपऱ्यात नाही, मध्ये लिहिलंय. मोठ्या अक्षरात.

आज सकाळी टेबल रिकामं करायला सांगितलं. दुपारी सैन्य कचेरीतून चिठ्ठी आली, 'माहिती अद्ययावत करण्यासाठी उपस्थित राहावे'. एवढी घाई त्यांनी पुलासाठी केली असती तर चार वर्षं लागली नसती.

रिम्मा बोलत नाही माझ्याशी. तिचंही बरोबर आहे.

दाखल्याची युक्ती सांगतो. ज्या बायकांनी जन्म पाहिला त्यांनी निबंधक कचेरीत स्वतः हजर राहून जबाब दिला, तर शिक्का लागत नाही. नियम आहे. कोणी सांगत नाही. हेच एक काम मला नीट येतं, मावशी, कोणता नियम ते लपवतात हे सांगणं. उशिरा सांगितलं.

मुलीला बघायचं होतं.

वेन्या

---

उस्त-शोमा, १२ जुलै

वेन्या,

रिम्मानं तुझा पत्ता पाठवला. सैन्याची टपाल पेटी, पाच आकडे. यावर गावाचं नाव नसतं, शहराचं नसतं. हे पत्र कोण कोण उघडून वाचेल माहीत नाही. वाचू दे. नीट वाचा रे, भिंग लागलं तर सांगा, पाठवते.

जूनमध्ये पुन्हा समिती आली. तोच जाडा, दुसरी बाई. या वेळी आम्ही चुना मारला नाही. शेगडी पेटवली नाही. चहा नाही, पाव नाही. दरवाजाला कुऱ्हाडीचा घाव तसाच ठेवला. सगळं गाव बाहेर उभं राहिलं आणि कोणी 'या, बसा' म्हटलं नाही. माझ्या आयुष्यात मी असं कधी केलं नव्हतं. चोरी करतेय असंच वाटत होतं. बाईनं पाणी मागितलं. प्रोखोर म्हणाला, "नदी तिकडे आहे." प्रोखोर! 'आपले वडील, आपले रक्षक' वाला.

या वेळी जाड्यानं फोन खिशातून काढलाच नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काल उत्तर आलं. 'दवाखाना घटनेच्या काळात कार्यरत होता, तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' तुझ्या पाच प्रतींबद्दल अवाक्षर नाही. कोपऱ्यातलं नाव नवं आहे, कोणी एल. झुयेवा. फोन नंबर तोच, तुझा. मी टेकडीवर जाऊन लावला. कोवळ्या आवाजाची पोरगी बोलली. मी विचारलं, "तू कुठली गं?" तिनं गावाचं नाव सांगितलं, तेही नदीपलीकडचंच निघालं. मी विचारलं, "तुमचा दवाखाना चालू आहे का?" तिनं फोन ठेवला.

आणि पुरावा म्हणून फोटो जोडलाय. जुना, जानेवारीतला. मी कोटात, प्रोखोरची बाही वर, मागे माझे पडदे. आणि उजव्या कडेला, अर्धी दारात, ताया. एका हातात माशाच्या पावाचं ताट, पोट पुढे, आणि ती दुसऱ्या हातानं पोट धरून हसतेय. मेलेल्या बाईच्या तक्रारीचं उत्तर म्हणून त्यांनी तिचाच जिवंत फोटो पाठवलाय, आणि ती कोण आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नाही.

पोरीच्या आईचा, ती पोटात असतानाचा, एवढा एकच फोटो आहे. तो या कागदाला टाचलेला आला. मी टाचणी काढली आणि फोटो ठेवून घेतला.

आर्सेनीचं पत्र आलं होतं. मुलीचं नाव ताया ठेवा म्हणाला. तुझी युक्ती चालली. आम्ही तिघी बायका जाऊन जबाब देऊन आलो. निबंधक बाई आधी म्हणाली असा नियमच नाही. मी तुझं पत्र उघडून तिच्यासमोर धरलं, तेव्हा तिला आठवला. आता ही कागदावर जन्मली आहे. ताया आर्सेन्येव्हना, बापाच्या नावासकट.

सोमवारी मी शहरात येते आहे. आधी होडी, मग बस, मग आगगाडी, चौदा तास. मुलगी बरोबर आहे, शेळीचं दूध बाटलीत. प्रोखोर येतो म्हणतोय, मी नको म्हटलं, तर कोट घालून बसलाय. बायका माशाचे पाव बांधून देत होत्या, तेही घेतले नाहीत.

तुझ्या साहेबाच्या दारात मी रांगेत उभी राहणार नाही. आत जाणार आहे, मुलीला दुपट्यातून काढून त्याच्या टेबलावर, त्या उत्तरांच्या गठ्ठ्यावर ठेवणार आहे. भूक लागली की ती छप्पर उडेल अशी रडते. मी तिला तिथे दूध देणार नाही. त्यानं तिला बघावं आणि मग माझ्या तोंडावर सांगावं, तथ्य आढळत नाही म्हणून. मला पकडतील, पकडू देत.

तुला माफ केलंय का? नाही केलं. जिवंत परत ये, मग समोर बसवून सांगीन काय काय नाही माफ केलं ते. पण तू मध्यभागी, मोठ्या अक्षरात नाव लिहिलंस. ते मी वाचलं. चष्मा न लावता.

मोजे पाठवतेय, दोन जोड. ओले झाले की लगेच बदल.

ग्लाशा मावशी